कृपया शेंदूर लावू नये

वेताळ टेकडीवर वेताळाचं देऊळ आहे. तेव्हा तिथल्या झाडांवर कुणी ना कुणी बसलेलं असणार, हे ओघानंच आलं. पुण्यातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण आणि माथ्यावर पहाटेपासून माणसं. यातल्या बऱ्याच जणांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं, त्यामुळे ती चालतात. पण आपण टेकडीवर उपकार करतो आहोत हा भाव काही चेहऱ्यावरून हटत नाही. त्या मानानं झाडांचे चेहरे पुष्कळ बोलके. कुणी भुवई उडवून बघतंय, कुणी तोंड वाकडं केलंय, एकजण तर कायमचा जांभई देत उभा आहे. या मंडळींशी माझी ओळख माणसांच्या आधी झाली आणि अजून तरी त्यांच्यापैकी कुणीही मला आपली शुगर किती ते सांगितलेलं नाही.

झाडात माणूस बघायची सवय आमच्या पिढीला 'चांदोबा'नं लावली. शंकर या चित्रकारानं काढलेला तो विक्रम राजा, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागं वेडीवाकडी झाडं. प्रेताकडे आमचं लक्ष कमीच असायचं. त्या झाडांच्या फांद्यांना बोटं होती. एकदा फांदीची बोटं दिसली की पुढचं सगळं आयुष्य दिसतच राहतात. मूळ गोष्टीत वेताळ लटकतो तो शिंशपाच्या, म्हणजे शिसवीच्या झाडाला. पण पुण्याच्या टेकडीवर त्याला लटकायला हल्ली बहुतेक ठिकाणी गिरिपुष्पच मिळेल.

या गिरिपुष्पाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड वनखात्यानं पुण्याच्या टेकड्यांवर मोप लावलं. लवकर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, फेब्रुवारीत गुलाबी फुलून फोटोही छान येतात. पण चेहरा म्हणाल तर शून्य. सगळी सरळसोट, बारीक, एका साच्यातली. तासभर बघत बसलं तरी नाक सापडायचं नाही. वेताळ बिचारा याला लटकला तर विक्रमाला कुठल्या झाडावरून काढायचं तेच कळणार नाही आणि कथा पहिल्याच रात्री संपेल.

खरा नट म्हणजे पळस. सरळ वाढणं त्याला ठाऊकच नाही. कंबरेत वाकेल, मान वेळावेल, एक हात कमरेवर आणि दुसरा आकाशाकडे, म्हणजे नाट्यसंगीताचा प्रवेश चालू आहे आणि ऑर्गनवाला चुकीच्या पट्टीत गेला आहे अशी पोज. शिशिरात पानं झडली की तर तो अगदी 'हाय दैवा' करत उभा असतो आणि मग त्याच अवस्थेत अंगभर केशरी फुलतो. ऐनाच्या खोडावर सुसरीची पाठ असते. पांगाऱ्याला काटे, त्यामुळे त्याचा चेहरा दाढी दोन दिवस राहिल्यासारखा. आणि कांडोळ! त्याची पांढुरकी, गुळगुळीत साल चांदण्यात अशी काही चमकते की, भल्याभल्यांची पावलं आपोआप भराभर पडायला लागतात. ताडोबात किंवा पेंचमध्ये वाघानं दर्शन नाकारलं की गाईड हमखास कांडोळापाशी जिप्सी थांबवतो आणि 'हे घोस्ट ट्री' म्हणून सांगतो. वाघाचे पैसे भुतावर वळते करण्याची ही पद्धत मला फार आवडते.

माझा सगळ्यांत जवळचा परिचय आहे तो टेकडीच्या पायथ्याच्या एका जुन्या शिरीषाशी. याचं नाव राक्षस. पुरुषभर उंचीवर दोन मोठ्या फांद्या कधीकाळी तुटल्या, त्यांचे झाले डोळे. त्यातला एक वर, एक जरा खाली, म्हणून मुद्रा कायम 'असं का?' अशी. मध्ये नारळाएवढी गाठ, ते नाक. त्याखाली खोड उभं फाटून ढोल पडलीय, ते तोंड. पावसाचं पाणी ढोलीत साचून ओठाच्या कोपऱ्यातून वर्षानुवर्षं ओघळल्यानं खाली काळपट लाल डाग पडलाय, त्यामुळे राक्षस तंबाखू-पान खातो हे सिद्ध आहे.

शेजारचा सात वर्षांचा मुलगा एकदा माझ्याबरोबर आला होता. राक्षसासमोर तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"काका, ह्यानं कुणाला खाल्लं?"

"अजून तरी कुणाला नाही. शाकाहारी आहे."

एवढ्यात तोंडातून एक पोपट बाहेर आला. दिवस माघ-फाल्गुनाचे, पोपटांची अंडी-पिल्लं ढोलीत असण्याचे. पोपटानं ओठावर बसून आमच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, एक कर्कश शिवी दिली आणि उडून गेला. मुलाचा चेहरा बदलला. राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही माहिती आजीनं त्याला अगोदरच पुरवलेली होती. तो माझ्या जवळ सरकला आणि कुजबुजला, "काका, तोच. पकडायचा का?"

मी त्याला सांगितलं की, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली पोपट पकडणं हा गुन्हा आहे. राक्षस मारायचा झाला तरी आधी वनखात्याची परवानगी काढावी लागेल. त्यानं थोडा विचार केला. "मग राजपुत्रानं काढली होती का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लोककथांमधले राजपुत्र परवानग्यांच्या बाबतीत एकूणच ढिले असतात.

हे चेहरे होतात कसे, याचं उत्तर मात्र आहे. फांदी तुटली की झाड ती जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. तेवढा भाग आतल्या आत बंद करून टाकतं आणि कडेकडेनं नवं लाकूड वाढवत नेतं. अलेक्स शायगो या अमेरिकी वृक्षतज्ज्ञानं यांत्रिक करवतीनं हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं. त्या कडेच्या गोल वळीमुळे पापणी तयार होते, मधला भाग कुजला तर बुबुळ. वळी दरवर्षी आत सरकत राहते, त्यामुळे झाडाचा डोळा वयाबरोबर बारीक होत जातो आणि पुढं कधीतरी मिटतो. वाऱ्यानं ओरबाडलेल्या फांदीचा डोळा उग्र, फाटका. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची माणसं शिडी लावून करवतीनं कापतात त्या फांदीचा डोळा मात्र छान वाटोळा, आश्चर्यचकित. शहरातल्या रस्त्यांवरची झाडं एवढी चकित का दिसतात, याचं कारण हे आहे. मुखशिल्पकार म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागाचा या शहरात हात धरणारा कुणी नाही, फक्त त्यांना याची कल्पना नाही. नाहीतर त्याचंही टेंडर निघालं असतं.

डोळा झाडाचा असला तरी बघणारा मेंदू आपला. माणसाच्या मेंदूत चेहरे ओळखण्यासाठी म्हणून एक खास जागा आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. ही जागा अतिशय उत्साही. दोन टिंबं आणि खाली एक रेघ दिली की तिला माणूस दिसतो, मग ते इलेक्ट्रिकचं सॉकेट असो की इडलीपात्र. यात तिचंही चुकत नाही. झुडपाला वाघ समजून पळालेला पूर्वज फार तर धापा टाकत घरी पोचला. वाघाला झुडूप समजणारा पोचला नाही, त्यामुळे आपण त्याचे वंशज नाही. ऱ्हीसस माकडांनाही वस्तूंमध्ये असे चेहरे दिसतात हे प्रयोगांत आढळलंय, म्हणजे ही खोड बरीच जुनी.

माकडांवरच्या त्या प्रयोगांमधल्याच काही संशोधकांचा 2022 मधला एक अभ्यास आमच्या घरात फार गाजला. वस्तूंमध्ये दिसणारा भासमान चेहरा लोकांना बाईपेक्षा पुरुषाचा वाटण्याची शक्यता खूप जास्त असते, असा त्याचा निष्कर्ष. लेखकांच्या यादीत दुसरं नाव परांजपे आहे, त्यामुळे पुण्यात त्यावर शंका घेण्याचा प्रश्न नव्हता. मी माझी टेकडीवरची जनगणना आठवून पाहिली. राक्षस, आजोबा, जांभईवाला, दोन भांडणारे भाऊ, एक निवृत्त हेडमास्तर. मी हिला म्हटलं, "खरंच की गं, बायका कुठं आहेत?"

"अहो, बायकांना एवढा वेळ एका जागी तोंड वेडंवाकडं करून उभं राहायला सवड असते का?" ही म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

जुन्या काळी मात्र झाडांवर बायकांना रीतसर आरक्षण होतं. चिंचेवर हडळ. पिंपळावर मुंजा, म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधीच गेलेला मुलगा. वडा-पिंपळाच्या मोठ्या झाडावर ब्रह्मसमंध, शिकलेला आणि म्हणून जास्त त्रासदायक. ही वाटणी सगळ्या गावाला तोंडपाठ. कुठल्या झाडाखालून जाताना मागं वळून बघायचं नाही आणि कुठल्या झाडाखाली खुशाल डबा उघडायचा, हे पोरासोरांना माहीत. आता मुंजा बघितलेला माणूस शोधून सापडत नाही. शेजारच्या त्याच मुलाला मी टेकडीवरचा हेडमास्तर दाखवला, तर तो म्हणाला, "काका, हा ग्रूट आहे." ग्रूट हा परग्रहावरचा चालता-बोलता झाड-माणूस असून तो सिनेमात एकच वाक्य बोलतो, एवढी माहिती मला मिळाली. आमचे हेडमास्तरही एकच वाक्य बोलायचे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

लाकडात रूप दिसणं हा काही ठिकाणी मात्र पोरखेळ नाही, ते रीतसर काम आहे. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुलिंबाच्या लाकडाची. काही वर्षांनी, अधिक आषाढ आला की, नवकलेवराचा सोहळा होतो. मागचा 2015 मध्ये झाला. त्याआधी दैतापती सेवक झाड शोधायला पायी निघतात. खोडावर शंख-चक्राच्या खुणा हव्यात, जवळ नदी, स्मशान, वारूळ हवं, फांद्यांवर पक्ष्यांचं घरटं नको. इतक्या अटींत बसणारं झाड मिळणं हे पुण्यात मध्यवर्ती भागात, पार्किंगसह, पूर्वेला तोंड असलेला फ्लॅट मिळण्याइतकंच अवघड, तरी ते मिळतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाची जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती. हा वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो आणि त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. पुण्याच्या टेकडीवरचा वेताळ त्याचाच भाऊबंद. पण तिथं वहाणा झिजवतो तो भक्त.

बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी उतारवयात वाळक्या फांद्या, मुळं, काटक्या गोळा करून त्यांतून पक्षी, प्राणी, माणसं काढली आणि त्या खेळण्यांना 'काटुम-कुटुम' म्हटलं. फांदीत जे आहे तेवढंच जरा पुढं आणायचं. आपल्याकडे हा छंद दिवाणखान्यात पोचला तेव्हा त्याचं काष्ठशिल्प झालं. आमच्या ओळखीत एका घरी असं एक पॉलिश मारलेलं मूळ आहे. ते हरीण आहे. ते हरीण आहे हे पाहुण्यानं आपण होऊन ओळखलं की चहा येतो. एकानं 'वा, ऑक्टोपस!' म्हटल्यावर त्याला पाण्यावर निरोप दिला गेला.

इथवर सगळं ठीक. ग्रूट दिसला, ऑक्टोपस दिसला, कुणाचं काही जात नाही. प्रकरण हाताबाहेर जातं ते सोंड दिसल्यावर.

आमच्या भागातल्या दुसऱ्या एका लहान टेकडीच्या पायथ्याशी (नाव सांगत नाही, कारण पुढं कळेलच) आंब्याच्या खोडावर एक लांबुडकी गाठ होती. खाली बारीक होत गेलेली, शेवटी वळलेली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रोज तिच्यावरून जायचे. एके दिवशी ऊन तिरपं पडलं आणि काका थबकले.

"अहो, बघा बघा! सोंड!"

पाचजण जमले. सोंड आहे यावर लगेच एकमत झालं, हीच पुण्यात दुर्मीळ गोष्ट. मग कोणत्या बाजूला वळली आहे यावर वाद सुरू झाला. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं सांभाळावं लागतं, तेव्हा हे ठरणं आवश्यक होतं. पण उजवी म्हणजे आपली उजवी की झाडाची उजवी? एका गृहस्थांनी झाडाला पाठ टेकून, स्वतः गणपती होऊन दाखवलं. तरी निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशी खोडाला शेंदूर लागलेला होता आणि त्यावर चांदीच्या कागदाचे डोळे.

पुढचं सगळं आपोआप होत जातं. जास्वंदीचं फूल, मग नारळ, मग नारळ फोडायला दगड. घरातल्या भंगलेल्या तसबिरी आणि जुन्या देव्हाऱ्यांना सोडून यायला एक जागा लागतेच, ती मिळाली. चतुर्थीला दहा माणसं, म्हणून त्यांना बसायला सिमेंटचा पार. पारावर पांढऱ्या फरशा, वर पत्रा, पत्र्यासाठी खोडात खिळे. दानपेटी आली तिला कुलूप आधी आणि भोक नंतर पाडलं. मग फ्लेक्स लागला: 'जागृत स्वयंभू वृक्षगणेश'. फ्लेक्सवर गणपतीपेक्षा इच्छुक उमेदवाराचा चेहरा मोठा, आणि मला विचाराल तर तोच जास्त भासमान. सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये बजावलेलं आहे. पण देव झाडातून स्वतःच उगवला असेल तर नोटीस बजावायची कुणाला? झाडाला?

झाडाला विचारलं असतं तर त्यानं पहिली तक्रार पाराची केली असती. मुळांना हवा लागते, पाणी मुरावं लागतं. बुंध्याला भिडवून सिमेंट घातलं की दोन्ही बंद. आंब्याचं एक अंग वाळलं. त्यात गाठ वाढत राहिली, कारण गाठी वाढतातच. सोंड जाड होत गेली, शेंडा मिटला, आणि आता ती सोंड दिसतच नाही. काकांचं म्हणणं, हा मारुती आहे, पहिल्यापासून मारुतीच होता. ट्रस्टमध्ये यावरून दोन तट आहेत आणि वार बदलावा की नाही हा विषय पुढच्या सभेवर गेला आहे.

नासाच्या व्हायकिंग-1 यानानं 25 जुलै 1976 रोजी मंगळावरच्या एका टेकाडाचा फोटो काढला, त्यात सरळ सरळ माणसाचा चेहरा दिसत होता. पंचवीस वर्षं त्यावर पुस्तकं निघाली, वाद झाले. 2001 मध्ये दुसऱ्या यानानं स्पष्ट फोटो पाठवला, तर नुसतं टेकाड. ते मंगळावर होतं म्हणून वाचलं. मंगळाला शेंदूर आधीच फासलेला आहे. पोचायची सोय असती तर 2001 पर्यंत तिथं सभामंडप, भक्तनिवास आणि वडापावची गाडी उभी राहिली असती आणि यानाला फोटोत टेकाड सापडलंच नसतं.

तरी शेंदराची एक बाजू मला मान्य करावीच लागते. ज्या झाडाला शेंदूर लागला त्याला कुऱ्हाड लागत नाही. रस्तारुंदीत अख्खी रांग जाते आणि मध्येच एक पिंपळ रस्त्याच्या पोटात उभा राहतो, तो 1975 च्या वृक्ष कायद्यामुळे कमी आणि बुंध्यावरच्या दोन चांदीच्या डोळ्यांमुळे जास्त. सह्याद्रीतल्या देवराया अशाच टिकल्या. देवाची राई म्हटल्यावर वाळकी काटकीही कुणी सरपणाला नेत नाही. फरक एवढाच की, देवराईतला देव बहुतेक वेळा तांदळा असतो, न घडवलेला नुसता दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, सोंड तर नाहीच, शिवाय फरशाही नाहीत. वर पत्र्याच्या जागी झाडंच. जंगल राखण्याच्या कामी चेहरा नसलेला देव चेहरेवाल्यांपेक्षा सरस ठरला, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. टेकडीवर जा, जरूर जा. पळसाशी बोला, राक्षसाला सलाम करा, त्याच्या तोंडातल्या पोपटाला त्रास देऊ नका. चेटकीण दिसली तर चारचौघांना बोलावून दाखवा, चेटकिणीला कुणी पार बांधत नाही. हडळ, खवीस, ग्रूट, हेडमास्तर, सगळ्यांचे फोटो खुशाल सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पण खोडावर सोंडेसारखं काही दिसलं, तर मनातल्या मनात हात जोडा आणि पुढं चालू लागा. आणि कुणी विचारलंच इतका वेळ काय बघत होता, तर सांगा, सुतारपक्षी होता, उडाला.